बोटभर जागा

एक वाक्य आधीच लिहून टाकतो, नाहीतर बाकीचं सांगण्याच्या नादात ते पुन्हा राहून जाईल. माझ्या वडिलांचा हात चुकला नव्हता. अहमदपूरच्या अलीकडच्या त्या वळणावर त्यांनी जे करायला पाहिजे ते वेळेवर केलं होतं, आणि हे मला तेव्हाच माहीत होतं, कारण मी त्यांच्या शेजारच्या सीटवर बसलो होतो. आता मी पन्नाशीला आलोय. गाडीखाली शिरलो की बाहेर यायला कुणाचा तरी हात लागतो. एवढी वर्षं हे वाक्य तोंडात होतं, बाहेर आलं नाही. लिहिताना काहीतरी वाटेल अशी अपेक्षा होती. तसं काही वाटत नाही. तरी लिहितो.

नांदेडला आमचं घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढं पत्र्याची ओसरी. सकाळ उजाडायची ती मायच्या भाकरीच्या आवाजानं. परातीत ज्वारीचं पीठ, त्यात कढत पाणी, मळताना बांगड्यांची किणकिण आणि मग थपथप सुरू. भाकरी परातीत आपोआप फिरतेय असं वाटायचं. फिरवायचं तिचं मनगट. मी अंथरुणात पडून ऐकायचो. कितवी भाकरी चाललीय यावरून किती वाजले ते कळायचं. चौथी तव्यावर पडली की वडील, म्हणजे आमचे दादा, आंघोळ करून यायचे, बुद्धाच्या तसबिरीपुढं हात जोडायचे आणि जेवायला बसायचे. ड्यूटीवर ते जेवूनच जायचे, कारण साहेब कुठं थांबतील आणि जेवायला कधी सोडतील याचा नेम नसायचा. भाकरी, येसराची आमटी, शेंगदाण्याच्या चटणीवर करडईच्या तेलाची धार. गव्हाची पोळी आमच्याकडं सणाला, पाहुण्याला, नाहीतर कुणी तापातून उठलं तर. हे गहू आणि ज्वारीचं मी उगीच सांगत नाही.

दादा सरकारी खात्यात ड्रायव्हर होते. एकतीस वर्षं त्यांनी पांढरी अँबॅसॅडर चालवली आणि त्या गाडीला त्यांच्या हातून साधा ओरखडाही आला नाही. साहेब बदलत गेले, दादा तेच राहिले. पांढरा गणवेश ते स्वतः इस्त्री करायचे, मायला करू द्यायचे नाहीत. गाडी थांबली की उतरायचं, पुढून वळसा घालायचा आणि साहेबांचं मागचं दार उघडायचं. ही सवय इतकी मुरली होती की रिक्षातून उतरल्यावरसुद्धा त्यांचा हात दुसऱ्याच्या दाराकडं जायचा. वस्तीत त्यांना कुणी नावानं हाक मारत नसे, ड्रायव्हरसाहेब म्हणत. 'माणूस हाय, चुकतंयच की' असं कुणी बोललं की दुसरा हमखास म्हणायचा, "समदेच न्हाई चुकत. आमच्या ड्रायव्हरसाहेबाला इचार." दादा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे, पण चालताना थोडे ताठ व्हायचे. त्यांच्याजवळ मिरवण्यासारखं तेवढं एकच होतं.

ते रिटायर झाले त्याच्या पुढच्याच वर्षी खात्यानं जुन्या गाड्या लिलावात काढल्या आणि दादा स्वतःचीच गाडी घरी घेऊन आले. चालवत नाही, ट्रॅक्टरला बांधून. इंजिन जाम झालेलं, बॉनेटखाली चिमण्यांचं घरटं. माय ओसरीत पदर खोचून उभी.

"हे काय आणलाव?"

"गाडी."

"ती मलाबी दिसायली. करायचं काय हिचं? कोंबड्या कोंडायच्या?"

"तुला मागं बसवून लातूरला न्यायचं," दादा म्हणाले. "कौसाकडं."

कौसामावशी ही मायची थोरली बहीण. माय तिच्याकडं तीस वर्षं एसटीनं जात होती, कैकदा उभ्यानं. आणि त्याच रस्त्यानं दादा साहेबांना घेऊन आठवड्यातून दोनदा लातूरला जायचे. सरकारी गाडीत घरचं माणूस बसवायचं नाही, हा त्यांचा नेम. एकदा एसटी बंद पडून माय लोह्याच्या पुढं रस्त्याकडेला उन्हात उभी होती, तेव्हा दादांची गाडी तिच्यासमोरून गेली. मागं साहेब होते. दादांनी हॉर्नसुद्धा वाजवला नाही. हे मला मावशीनं सांगितलं. त्या दोघांनी कधीच सांगितलं नसतं. मायला त्या गाडीच्या मागच्या सीटवर बसवून लातूरला जायचं, आपल्या हातानं दार उघडून तिला उतरवायचं, एवढ्यासाठी ती गाडी आली होती.

मी तेव्हा बाविशीत होतो. आयटीआय करून हमीदभाईंच्या गॅरेजात लागलो, त्याला तीन वर्षं झाली होती. वेल्डिंगचं सगळं काम माझ्याकडं असायचं. गॅरेज इतवारा बाजाराच्या मागं, एका लिंबाखाली. हमीदभाईंचे आजोबा टांग्याच्या चाकांना लोखंडी धावा बसवायचे, वडील ट्रकच्या कमानी करायचे, आणि हमीदभाईंचं नाव होतं ते एका गाडीचं इंजिन दुसऱ्या गाडीत बसवण्यात. डोळे बंद करून ते इंजिनावर हात फिरवायचे, आजाऱ्याच्या पोटावरून फिरवावा तसा. आमच्या गाडीसाठी त्यांनी एका टेम्पोचं डिझेल इंजिन निवडलं. "मजबूत हाय, खाईल कमी," ते दादांना म्हणाले, "पन ड्रायव्हरसाब, ये तुमच्या मेमसाब गाडीत पहिलवान घुसवायचा हाय. उसकू जगा होना."

ती जागा करण्यात आमचे अडीच महिने गेले. माझ्या आयुष्यातले ते चांगले दिवस होते, हेही लिहायला पाहिजे. इंजिन साखळीच्या कप्पीनं उचलून आत सोडलं की कुठं ना कुठं ते अडायचंच. पहिल्यांदा अडलं खाली. इंजिनाच्या तळाचं तेलाचं चेंबर बरोबर स्टिअरिंगच्या आडव्या रॉडवर बसायला लागलं. इंजिन वर उचललं तर पंखा बॉनेटला लागायचा. मागं सरकवलं तर गिअरबॉक्स घुसायला बघायचा दोन्ही सीटच्या मधे. शेवटी मी चेंबर कापलं, पुढच्या बाजूला पायरीसारखी खाच घेतली आणि तेल कमी पडू नये म्हणून तेवढंच पोट मागं वाढवून वेल्ड केलं. रात्रभर त्यात रॉकेल भरून ठेवलं. सकाळी खाली एक थेंब नव्हता. हमीदभाईंनी खालून हात फिरवला आणि म्हणाले, "सुगत मियाँ, हे तर टेलरचं काम हाय रे."

खालचं सुटलं तर बाजूचं उभं राहिलं. स्टिअरिंगचा दांडा डॅशबोर्डातून निघून इंजिनाच्या उजव्या अंगानं खाली जातो. या नव्या इंजिनाची उजवीकडची ब्रॅकेट, ज्यावर ते रबराच्या फाउंडेशनवर बसतं, नेमकी त्या दांड्याच्या आडवी आली. मग इंजिन एक इंच डावीकडं घेतलं. तरी भागेना. मग दांडा मधून कापला आणि त्यात क्रॉस जॉइंट घातला, म्हणजे दांडा कोपरासारखा वाकून ब्रॅकेटला वळसा घालील. आता दांडा सुटला. पण क्रॉसचे कान, म्हणजे त्याचे बाहेर आलेले फाटे, फिरताना मोठा गोल घेतात, आणि त्यातला एक कान ब्रॅकेटच्या बोल्टजवळून जायचा. किती जवळून, हा प्रश्न होता.

हे मोजायची हमीदभाईंची रीत वेगळी होती. खालाजान, म्हणजे त्यांच्या बायको, रोज सकाळी डब्याबरोबर ओल्या फडक्यात गुंडाळून कणकेचा एक गोळा पाठवायच्या. गव्हाची कणीक, घट्ट मळलेली. तिला तेलाचं बोट लावून जिथं अडायची भीती आहे तिथं, म्हणजे बोल्टवर, थापायची. मग स्टिअरिंगची डावीकडून उजवीकडं पूर्ण काट मारायची, इंजिन चालू करून गिअरमध्ये झटके द्यायचे. फिरणारा कान कणकेत रुतून जायचा आणि आपली खूण ठेवायचा. नंतर कणीक ब्लेडनं कापून बघायची, सगळ्यात पातळ कुठं राहिली आणि किती राहिली. करंगळीच्या जाडीची राहिली तर पास. त्याहून कमी तर पुन्हा काम. "टेप झूट बोलता," ते म्हणायचे, "खडी गाडी झूट बोलती. आटा नै बोलता." तपासून झालेली कणीक पलीकडच्या बकरीला. ती बकरी आमच्या गॅरेजातली सगळ्यात धष्टपुष्ट होती.

शेवटी एक दिवस कणीक करंगळीएवढी निघाली. दादांनी गाडी चालवून बघितली, पार विष्णुपुरीपर्यंत. परत आले ते खूश, पण एक तक्रार घेऊन. डिझेलचे हादरे स्टिअरिंगमधून हातात येतात, हाताला मुंग्या येतात. साहेबांच्या गाडीत असं नव्हतं. हमीदभाईंनी दोन दिवस विचार केला आणि फाउंडेशनची रबरं बदलली. पहिली कडक होती, ही मऊ. हादरे गेले. दादांनी बॉनेटवर पाण्याचा गिलास ठेवून बघितला, पाणी हललं नाही.

रबर मऊ म्हणजे इंजिन जास्त डुलणार. रेस दिली की इंजिन उजवीकडं कलतं. कडक रबरावर थोडं, मऊ रबरावर जास्त. आणि उजवीकडंच तो बोल्ट, आणि बोल्टाशेजारी क्रॉसचा कान. हे मला तेव्हा कळत नव्हतं असं नाही. हमीदभाईंनी सांगितलंही होतं. रोज्यांचे दिवस होते. सकाळीच त्यांच्या मामेभावाची मय्यत झाल्याची खबर आली आणि ते परभणीला निघाले. निघताना चपलेत पाय घालता घालता म्हणाले, "सुगत, रबर नवे हायत. पुन्हा आटा लगा. ब्रेक दबाके, गिअर में डालके झटका दे. कान किदर जाता देख. करंगळीभर आला तरच गाडी दे. नै आला तर ड्रायव्हरसाबकू बोल, चार दिन ठैरो."

"हाव, हमीदभाई," मी म्हणालो.

दादांना दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं होतं. मावशीला पत्र गेलं होतं. माझं बाकी सगळं काम झालं होतं, ही कणीक तेवढी राहिली होती. भर दुपारची वेळ. खालाजानचा डबा रोज्यांमुळं येत नव्हता, आणि उपाशी बाईच्या दारात जाऊन कणकेचा गोळा मागायचा, हे मला बरं वाटेना. मी गाडी घेऊन घरी आलो. माय भाकरी करत होती. म्हटलं, "माय, एक गोळा दे पिठाचा."

"कशाला रं?"

"काम हाय गाडीचं."

"हे तर ज्वारीचं हाय. चिकटून न्हाई राहायचं बाबा कशाला. गव्हाचं देऊ का मळून? धा मिन्टं थांब."

"चालतंय. दे तेच."

तिनं परातीतला एक गोळा तोडून माझ्या हातावर ठेवला. गरम होता. मी तो ओसरीसमोर बोल्टवर थापला, सीटवर बसलो, ब्रेक दाबला, गिअर टाकला, काट मारत झटके दिले. उतरून बॉनेटखाली वाकून बघितलं तर बोल्टवर काही नव्हतं. पिठाचे तुकडे खाली धुळीत पडले होते. ज्वारीच्या पिठाला ताण नसतो, हे घरात जन्मलेल्या पोराला सांगायला लागत नाही. भाकरी थापताना कड फुटते ती म्हणूनच. ते पीठ कानानं चिरडून पडलं की इंजिनाच्या थरथरीनं नुसतं सुटून पडलं, हे कळायला काही मार्ग नव्हता. मी तुकडे उचलून बघितले. एका तुकड्यावर काहीतरी सपाट दाबल्यासारखं होतं. असेल, नसेल. मी ते तुकडे कोंबड्यांना टाकले आणि हात धुऊन जेवायला बसलो.

दादा म्हणाले, "झालं?"

"झालं."

"किती निघाली?"

"बोटभर," मी म्हणालो.

सकाळी दादांनी गणवेश घातला. रिटायर होऊन वर्ष झालं होतं, तरी तोच पांढरा गणवेश. मागं मावशीसाठी ज्वारीचं अर्धं पोतं आणि अंबाडीची जुडी. दादांनी पुढून वळसा घालून मागचं दार उघडलं. समोरच्या घरच्या दोघी-तिघी बघत उभ्या. माय लाजून म्हणाली, "अवं, म्होरं बसू द्या की मला. बाया हासायल्यात."

"मागं," दादा म्हणाले.

ती बसली. पदर नीट केला. पहिला अर्धा तास सीटला टेकली नाही, एसटीत बसल्यासारखी कडेलाच बसून होती. लोहा मागं पडल्यावर टेकली. त्या जागेजवळून जाताना, जिथं कधीकाळी एसटी बंद पडली होती, दादांनी विनाकारण एकदा हॉर्न वाजवला. माय खिडकीबाहेर बघत म्हणाली, "कुणी न्हाई की रस्त्यावर." आरशात दोघांची नजर एकमेकांना भेटली असेल. मी समोर बघत होतो.

अहमदपूरच्या अलीकडं उसाची ट्रॉली रस्ता अडवून पुढं चालली होती. दादांनी मागं थोडा धीर धरला, रस्ता मोकळा बघितला, रेस दिली आणि ट्रॉली ओलांडली. पुढं चढ आणि लगेच डावं वळण. चढ म्हणून पाय रेसवरच होता. त्यांनी डावीकडं काट मारली, आणि ती निम्म्यात थांबली. मी त्यांचे हात बघितले. मनगटाच्या शिरा वर आल्या होत्या, दोन्ही हात चाक डावीकडं ओढत होते आणि चाक येत नव्हतं. बॉनेटखाली एक बारीक आवाज झाला, लोखंडावर लोखंड रुतल्याचा. एक श्वास, फार तर दोन. मग त्यांनी रेस सोडली, इंजिन सावरलं, चाक एकदम मोकळं फिरलं. पण तोवर आम्ही रस्त्याच्या उजव्या कडेवरून खाली गेलो होतो. गाडी बाभळीच्या खोडाला कलून थांबली. वेग नव्हता फार. दादांना कपाळाला खरचटलं, मला काहीच नाही. मायनं पुढच्या सीटवर हात रोवला होता. उजवा.

माणसं जमली. मायला कुणीतरी जीपमधून अहमदपूरला घेऊन जायला तयार झालं. दादा म्हणत होते, "स्टिअरिंगनं धरलं. मी ओढलं, आलं न्हाई." एक जण आत वाकला आणि त्यानं चाक फिरवून बघितलं. डावीकडून उजवीकडं, पूर्ण. लोण्यासारखं. इंजिन बंद होतं, का अडेल? तो म्हणाला, "मालक, गुमान फिरायलंय की हे. डोळा लागला आसंल तुमचा." दुसरा म्हणाला, "वय होतंय, मामा." दोघं-तिघं हसले, वाईट हेतूनं नाही. दादांनी स्वतः हात घालून चाक फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग माझ्याकडं बघितलं.

मला बोलता आलं असतं. एक वाक्य होतं. मी म्हणालो, "मायला न्यायला पाहिजे लवकर."

मायचं मनगट मोडलं होतं, प्लास्टर घालून तिला मावशीकडं लातूरला ठेवलं. मी दुसऱ्या दिवशी टोचन करून गाडी नांदेडला आणली. हमीदभाई अजून परभणीहून आले नव्हते. मी बॉनेट उघडलं. बोल्टाच्या डोक्यावर नखाएवढी चंद्रकोर घासली होती, चांदीसारखी चकचकीत, आणि क्रॉसच्या कानावर तिचीच जोडीदार. मी कानस घेतली आणि दोन्ही खुणा घासून सपाट केल्या, वरून काळं ऑइल फासलं. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. कणीक लावायचा कंटाळा केला ती चूक म्हणता येईल. ही चूक नव्हती.

हमीदभाई संध्याकाळी आले. बराच वेळ बॉनेटखाली वाकून राहिले. बोट घालून बघितलं, ऑइल पुसलं, कानशीचे ओरखडे बघितले. मला विचारलं, "आटा लगाया था?"

"हाव."

"कितना आया?"

"बोटभर."

त्यांनी हात पुसले. मला वाटतं त्यांना कळलं होतं. पण त्यांनी मला काही विचारलं नाही. म्हणाले, "चल, तेरे घर चलते."

ओसरीत दादा खुर्चीवर बसले होते, दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून. हमीदभाई उभ्यानंच म्हणाले, "ड्रायव्हरसाब, माफी मागायला आलो. माझ्या कामातच खोट होती. इंजिन डुललं, क्रॉस अटकला. तुमचा हात नै चुकला."

दादा त्यांच्याकडं बघत राहिले. मग हसले, लेकराला समजावताना हसतात तसं. "माझं मन राखायला बोलू नको हमीद. तुझं काम मला म्हाइत हाय. सुगतनं कणीक लावली होती. बोटभर जागा होती तिथं. तुझ्या बोटभर जागेत लोखंड कसं अडकंल?"

हमीदभाईंनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. वाट बघितली त्यांनी, पुढं ठेवलेला चहा गार होईस्तोवर. मी कपाच्या कानाकडं बघत होतो. मग ते म्हणाले, "जी," आणि चहा न पिता गेले. सूर्य मावळायचा होता, रोजा होता त्यांचा. चहा मीच ठेवला होता त्यांच्यापुढं, रोजा आहे एवढंही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

त्यानंतर हमीदभाईंनी एका गाडीचं इंजिन दुसऱ्या गाडीला कधी बसवलं नाही. गिऱ्हाइकाला म्हणायचे, "अब आंख नै रही." डोळे त्यांचे शाबूत होते. मी चार महिन्यांत लातूरला निघून आलो. गाडी दादांनी भंगारात दिली. लायसन तसबिरीमागं खोचून ठेवलं ते परत काढलं नाही. पुढं कुणाच्या गाडीत बसायची वेळ आली तर ड्रायव्हरशेजारी बसायचे नाहीत, मागं बसायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. वस्तीत लोक त्यांना ड्रायव्हरसाहेबच म्हणत राहिले, पण आता ते कुणी हाक मारली की एकदा आपल्या हाताकडं बघायचे.

मायचं हाड बसलं, मनगट फिरायचं ते फिरलं नाही. भाकरीला मनगट लागतं. काही महिने शेजारणींनी भाकरी दिली, आणि एका सकाळी मी सुट्टीला घरी आलेलो असताना वेगळाच आवाज ऐकून जागा झालो. थप. मग बराच वेळ काही नाही. मग थप. उठून बघितलं तर चुलीपुढं दादा. समोर परात, हाताला पीठ, बाजूला माय पाटावर बसून सांगत होती, "फिरवा. दाबू नका, फिरवा. आसं काय स्टेरिंग धरल्यावानी धरलाव तिला!" दादा दोन्ही हातांनी ती भाकरी सावकाश, डोळ्यांत तेल घालून फिरवत होते. कड फुटली. "बघ," ते म्हणाले, "गेला हात." माय हसली. त्यांनी गोळा मोडून पुन्हा मळायला घेतला. पुढची वीस वर्षं त्या घरात भाकरी त्यांनीच केल्या, आणि चांगल्या करायला लागले.

लातूरला माझं गॅरेज चाललं. पुण्या-हैदराबादेकडून हौशी लोक जुन्या गाड्या पाठवतात, नवी इंजिनं बसवून घेतात. माझ्याकडं कपाटात गव्हाच्या पिठाचा डबा असतो. पोरं माझ्यामागं हसतात, मला ठाऊक आहे. एका गाडीला मी सातदा कणीक लावली होती. शेवटच्या दिवसांत दादा माझ्याकडं राहायला आले, तेव्हा गॅरेजात स्टुलावर बसून असायचे. मी कणीक कापून गिऱ्हाइकाला दाखवली की ते अभिमानानं सांगायचे, "माझं लेकरू कणीक लावल्याबिगर गाडी सोडत न्हाई. आमच्या गाडीलाबी लावली होती यानं." गिऱ्हाईक मान डोलवायचं. मी ब्लेड पुसायचो. असं एकदा नाही, कैकदा झालं. दर वेळी ते माझ्यापासून हातभर अंतरावर होते.

ते गेले त्याला दोन वर्षं झाली. झोपेत गेले. हमीदभाई त्यांच्या आधीच गेले होते.

गेल्या महिन्यात मी मायला सांगितलं. ती आता माझ्याकडंच असते. दुपारी आम्ही दोघंच जेवत होतो. मी सगळं सांगितलं, पीठ, बोल्ट, कानस, हमीदभाई, चहा. माझा आवाज गिऱ्हाइकाला बिघाड समजावताना लागतो तसाच लागला. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. ती डाव्या हातानं घास घेत ऐकत होती. तिला एवढंच विचारायचं होतं:

"म्या म्हणलं होतं ना तुला, धा मिन्टं थांब म्हणून?"

"म्हणली होतीस."

"मग ते पीठ खाली पडलं, तर परत का न्हाई आलास?"

मी विचार केला. इतक्या वर्षांत या प्रश्नाचं काहीतरी मोठं उत्तर तयार झालं असेल असं मला वाटत होतं. "ऊन होतं, माय," मी म्हणालो. "भूक लागली होती."

"इतकंच?"

"इतकंच."

तिनं ताटातली भाकरी उचलली, उजव्या हातानं मोडायला बघितली, मोडेना, मग डाव्यानं मोडली. अर्धी माझ्या ताटात ठेवली.

"त्येंला सांगायचं होतंस रं," ती म्हणाली. "तू चुकलास म्हणल्यावर हासले आसते ते. त्येंचा हात त्येंला वापस मिळाला आसता."